तोहोकूची त्सुनामी आणि पहिला इशारा
११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या तोहोकू किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ हादरला. पॅसिफिक भूपट्ट जपानखाली सरकतो, त्या सीमेवर साठलेला ताण सुटला. तीव्रता ९ भरली. त्सुनामीचा इशारा तीनच मिनिटांत निघाला, पण तोकडा. मोठा भूकंप घाईच्या गणितात लहान दिसतो, ही जुनीच अडचण. अंदाज ७.९ चा आला, म्हणून मियागी प्रांताला ६ आणि इवाते, फुकुशिमाला अवघ्या ३ मीटर लाटेची सूचना मिळाली. प्रत्यक्षात पाणी काही ठिकाणी जवळपास ४० मीटर उंचीपर्यंत चढले. मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांहून अधिक. २०१३ पासून जपानची हवामान संस्था महाभूकंपाच्या पहिल्या इशाऱ्यात लाटेची उंची आकड्यात सांगत नाही. ‘प्रचंड’ एवढेच सांगते.