न बोलणाऱ्याचेही म्हणणे असते
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वाडीला ज्या माउलीचे नाव आहे, तिची गोष्ट आपण पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. हिरकणी दूध घालावयास गडावर गेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून ती कडा उतरून आली. या गोष्टीने माझी मात्र एक समजूत करून दिली होती, की लेकराने तोंड न उघडता आईला सारे कळते. तान्ह्याला भूक लागली असेल हे कोणालाही कळेल हो! पण मूल दहा वर्षांचे झाले आणि बोलत नसले, तर त्याच्या मनातले आईला किंवा आजीला आपोआप कळत नाही.

माझा नातू बोलत नाही. त्याला ऑटिझम आहे. मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात, पण मला तो शब्द रुचत नाही. पोरगा आपल्या सगळ्यांचे ऐकत असतो, हे मला फार उशिरा उमगले. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो भिंतीवर डोके आपटू लागला. आम्ही म्हटले, हट्ट आहे. मी रागावले, एकदा हातही उगारला. आठ दिवसांनी कानातून पू आला. आठ दिवस ते पोर आपल्या परीने सांगत होते, आणि मी त्याला दटावीत होते.

पुढे सुनेने मुंबईला जाऊन माहिती घेतली आणि चित्रांचा पुठ्ठा केला. पाणी, भाकरी, कान, पोट, दुखते, झोप आणि 'नको'. मुंबईच्या आय. आय. टी.त तयार झालेले 'जेलो' नावाचे साधन फोनवर फुकट मिळते, ते मराठीतही बोलते. पण पुठ्ठ्याला ना चार्जिंग लागते ना रेंज, म्हणून आमच्याकडे दोन्ही चालतात. चित्रांची सवय लागली तर बोलणे कायमचे राहील, असे मला पुष्कळजणींनी सांगितले. तज्ज्ञांचा अनुभव तसा नाही.

शिकवताना आपणच बोलता बोलता चित्रावर बोट ठेवायचे. तीन महिने आम्हीच ठेवीत होतो, तो नुसता पाही. त्याचा हात धरून चित्रावर टेकवायचा नाही. हात माझा, तर बोलणेही माझेच, नाही का? हात धरून लिहवून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध अमेरिकेतील वाचातज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली स्पष्ट बजावले आहे.

आम्हाला वाटले, पहिले बोट 'आई'वर पडेल. पडले ते 'नको'वर! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर भरलेले, जी ती त्याचा गाल ओढते आहे, आणि याने पुठ्ठा पुढे धरला. मी म्हटले, "पाहुण्यांना असं म्हणू नये." तेव्हा सून म्हणाली, "आई, बोलायला आपणच शिकवलं. आता तो बोलला तर ऐकायला नको?" मी गप्प बसले.

मुंबईच्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणे कठीण. त्यांनी एका बोटाने टंकून आत्मचरित्र लिहिले आणि त्या अपंगांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या. आपल्याच देशात जन्मलेल्या, ऑटिझम असलेल्या टीटो मुखोपाध्यायचे पुस्तक 2000 साली इंग्लंडात छापले गेले. दिव्यांगांच्या 2016च्या कायद्यानेही खुणा, दृश्य साधने आणि बोलण्याला पर्यायी अशा रीती यांना 'संवाद' मानले आहे. म्हणजे माझ्या नातवाचा पुठ्ठा ही काही घरातली खेळणी नव्हे.

तेव्हा मंडळाकडे मागणे एवढेच. आमच्याकडे आलात तर "तो जेवला का?" असे मला विचारू नका, त्याला विचारा, आणि मनात दहापर्यंत मोजा. त्याला वेळ लागतो. असाच एक पुठ्ठा मंडळाच्या खोलीत आणि एक अंगणवाडीत लावावा. चित्रे मी आणून देईन.

काल त्याने रोपवेच्या चित्रावर बोट ठेवले, मग माझ्याकडे दाखवले आणि मग 'नको'वर ठेवले. रोपवे पाहावयास जायचे, पण आजीबरोबर नको! मला जरा लागले. तो काकाबरोबर गेला.