मुलाखतीतील एक प्रश्न



फेलोशिप वा निवासी पदाच्या मुलाखतीत मुलींना अजूनही विचारले जाते, ‘लग्न कधी? मूल कधी?’ मुलांना सहसा नाही. विचारणारे बहुधा वडीलकीच्या आपुलकीनेच विचारतात. म्हणून तर उत्तर टाळणे अवघड होते.

2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. त्या काळात रात्रपाळ्या कोणी कराव्यात, ही अडचण खरी आहे. पण ती सोडवणे विभागाचे काम आहे. टोकियो वैद्यकीय विद्यापीठाने अशाच सबबीखाली विद्यार्थिनींचे गुण गुपचूप घटवल्याचे 2018 मध्ये उघड झाले. आपल्याकडे गुणांना हात लावण्याची गरजच पडत नाही, एवढा प्रश्न पुरतो.

माझी विनंती एवढीच, की मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि ते सर्व उमेदवारांना सारखेच विचारावेत.