घरच्या घरी आठवड्याचा तक्ता



दिनदर्शिका आज बहुतेक घरांत भिंतीवर असते. एकादशी, अमावास्या, सणवार, सुट्ट्या, सारे तीत सापडते. पण आपले मूल मंगळवारी दिवसभर काय करते, हे तीत कोठे असते? त्यासाठी घरच्या घरी एक तक्ता करता येतो. आज त्याच्याविषयी दोन शब्द सांगणार आहे.

आधी थोडा हिशेब करू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवले गेले पाहिजे. आता वर्षाचे एकूण तास किती? ८७६०. म्हणजे नऊ तासांतला जेमतेम एक तास शाळेचा झाला. झोपेचे रोजचे नऊ-दहा तास वजा केले, तरी शाळेच्या चौपट वेळ घरच्यांच्या हाती उरतो. तो कोठे जातो, हे आपण कधी मांडून पाहतो का?

तक्ता करायला खर्च नाही. दिनदर्शिकेचे जुने पान घ्या. त्याची मागची बाजू कोरी नसेल, तर वहीचे दोन कागद खळीने जोडा. पट्टीने आठ उभे रकाने आखा. पहिल्या रकान्यात वेळा लिहा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. उरलेल्या सातांत वार. वारांची सुरुवात सोमवारपासूनच हवी असे नाही. तुमच्या गावचा बाजार ज्या वारी, तेथून करा. घराचा आठवडा तेथूनच तर सुरू होतो. आईवडिलांना वाचता येत नसेल, तर घागर, पुस्तक, चूल अशी चित्रे काढा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तक्ता मुलाच्या हातूनच लिहून घ्या. आणि त्यात मोठ्यांचीही कामे येऊ द्या. मुलाची निळ्या शाईने, मोठ्यांची लाल शाईने. नाहीतर तो नुसता हुकूमनामा होतो!

माझ्या नात्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो. मुलगी सहावीत. वडील म्हणायचे, "पोरगी गणितात कच्ची आहे हो, काय करावं?" मी म्हटले, "आधी आठवडाभर काय घडतं ते नुसतं लिहून ठेवा." आठवड्याने कागद पाहिला, तर मंगळवारच्या दुपारी, जेथे शाळा असायची, तेथे तिने लिहिले होते, 'बाळाला सांभाळले.' मंगळवार बाजाराचा. आई भाजी घेऊन बाजाराला जाई, धाकट्याला पाहायला घरी कोणी नसे. महिन्याच्या चार मंगळवारी शाळा बुडत होती. बुडते हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण ते आणि गणित यांची सांगड कोणीच घातली नव्हती. वडील बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग लाल पेन्सिल मागून घेऊन मंगळवारच्या दुपारी त्यांनी स्वतःचे नाव लिहिले.

पहिले दोन मंगळवार त्यांनी पाळले. तिसऱ्याला पाण्याच्या पाळीमुळे रानात अडकले. मुलीने त्या घरात फुली मारली आणि शेजारी लिहिले, 'आबा आले नाहीत.' मंडळी, त्या फुलीने ते रागावले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांनी शेजारच्या काकूंना विचारले आणि अडीनडीचे दुसरे नाव त्या घरात घातले. मुलगी अजून गणितात पहिली आलेली नाही. पण मंगळवारी ती वर्गात असते.

म्हणून आठवडा संपला की दहा मिनिटे सर्वांनी तक्त्यापुढे बसावे. जे झाले नाही ते का झाले नाही, एवढेच विचारावे. शिक्षा नको, बक्षीसही नको. आणि रोजचे एक घर कोरे ठेवा. ते खेळाचे, त्यावर कोणाचाही हक्क नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा तक्ता वर्गात जरूर करून घ्या. पण त्याला गुण देऊ नका. गुण आले की मुले खरे लिहीत नाहीत. वर्गात जो रोज मागे पडतो, त्याच्या तक्त्यातला एखादा वार पाहा. उत्तर तेथे असण्याचा संभव आहे.

येत्या बाजाराच्या आदल्या रात्री कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन मुलाजवळ बसा. पहिली ओळ त्याला लिहू द्या.