उणे चिन्ह खोडू नका



पदार्थविज्ञान शिक्षकांच्या परिषदेत अध्यक्षाने विषयाच्या अध्यापनाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. अभ्यासक्रम आणि प्रयोगशाळांची अवस्था यांवर इथे पुष्कळ बोलून झाले आहे. मला किरचॉफच्या नियमांतून निघणाऱ्या उणे चिन्हाबद्दल बोलायचे आहे. ते बोलायची संधी मी फार दिवस शोधत होतो.

गुस्टाव्ह किरचॉफने हे नियम १८४५ साली क्योनिग्सबर्गला मांडले, तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. संधीपाशी जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते. बंद लूप फिरून मूळ जागी आलो की विभवातल्या चढउतारांची बेरीज शून्य होते. पहिल्यात विद्युतभाराचा हिशेब आहे, दुसऱ्यात ऊर्जेचा. इतक्या स्वच्छ गोष्टीचे आपण चिन्हांचे पाठांतर करून टाकले. धारेचे उत्तर उणे आले की मुले घाबरतात, समीकरणे खोडतात, काही तर चिन्ह गुपचूप पुसून टाकतात. ही भीती त्यांना आपण घातली.

एक गणित घ्या. १२ व्होल्टची आणि ६ व्होल्टची अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या. प्रत्येकीचा अंतर्गत रोध १ ओहम, बाहेर ४ ओहमचा रोध. संधीचे विभव काढले तर ८ व्होल्ट येते. बाहेरच्या रोधातून २ अँपिअर जातात, मोठ्या बॅटरीतून ४ निघतात. लहान बॅटरीची धारा येते उणे २! म्हणजे ती वीज देत नाही, घेते आहे. तिच्यात उलटी धारा शिरते आहे. आणि तिच्या टोकांवर सहा नव्हे, आठ व्होल्ट आहेत. या परिपथात शिकण्यासारखे जे आहे, ते सगळे त्या एका चिन्हात आहे.

सकाळच्या सत्रात वाद रंगला की लूपची पद्धत आधी शिकवावी की संधीची. मी दोन्ही शिकवल्या. माझ्या वर्गात निकाल लावला तो व्होल्टमीटरने. असाच परिपथ मुलांनी टेबलावर जोडला होता. अंतर्गत रोधाच्या जागी प्रत्येक शिशाच्या बॅटरीला बाहेरून १ ओहम लावला होता. एका मुलीने संधीपाशी आठच्या आसपास वाचन घेतले आणि म्हणाली, "सर, मीटर बिघडलाय. सहाच्या बॅटरीच्या बाजूला आठ कसे येतील?" मी तिला अमीटरकडे बघायला सांगितले. काटा शून्याच्या मागे जाऊन अडला होता. तिने स्वतःच तारा उलट केल्या, दोन अँपिअरच्या जवळचे वाचन घेतले, आणि वहीतले खोडलेले उणे चिन्ह पुन्हा लिहिले. पद्धत कोणती, हा प्रश्न त्या वर्गात पुन्हा कुणी विचारला नाही.

याउलट, उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीत पाहिलेली एक गोष्ट अजून सलते. विद्यार्थ्याने धारेची दिशा उलट गृहीत धरली होती. समीकरणे बिनचूक, उत्तर उणे. नमुना उत्तरात अधिक चिन्ह होते, म्हणून परीक्षकाने गुण कापले होते. हा अन्याय आहे. गृहीत दिशा चुकली तर गणित आपणहून सांगते, हीच किरचॉफच्या नियमांची ताकद आहे. तिलाच आपण शिक्षा करतो.

परिषदेने अशा गणितांचा एक संच करावा, ज्यात निदान एक बॅटरी चार्ज होत असेल. परीक्षकांसाठी एक टिपणही हवे. त्याचा तपशील कार्यकारिणीने ठरवावा. मी हाताशी आहे. पण त्याची वाट पाहू नका. उद्या वर्गात कुणाचे उत्तर उणे आले, तर त्याला फळ्यापाशी बोलवा आणि विचारा, "ही बॅटरी आता काय करते आहे?"