आधी गळती, मग सौर

धुळे, शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ इथून कामधंदा सोडून आलेल्या माझ्या उद्योजक बंधू-भगिनींनो, स्वागत समितीच्या वतीने जळगावात आपणां सर्वांचं मनापासून स्वागत करतो. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या.

वीज खानदेशाला नवी नाही. भुसावळजवळ दीपनगरला ती कोळशावर तयार होते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरतात आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. तरी आपल्या डाळमिलला, चटईच्या कारखान्याला, धुळ्याच्या यंत्रमागाला बिलाचा भार सोसवत नाही. तुरीचा भाव आपण रुपया-रुपयाने घासतो, बिल मात्र फक्त शेवटचा आकडा पाहून भरतो.

आज जो तो छतावर सौर बसवायचं म्हणतो. जरूर बसवावं, ऊन आपल्याकडे कमी नाही. पण आधी कारखान्यातली नासाडी थांबवली पाहिजे. नाहीतर हौद गळका ठेवून दुसरी विहीर खोदल्यासारखं होईल. वीस किलोवॅटची गरज पंधरावर आली, तर पॅनेलही तेवढीच कमी लागतील.

सुरुवात मोटारीपासून करू या. दहा अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर रोज दहा तास, वर्षात तीनशे दिवस चालली, तर सुमारे २५ हजार युनिट खाते. आठ रुपये दर धरला तरी दोन लाख रुपये झाले. नव्या मोटारीची किंमत याच्या जवळपासही जात नाही. तरीही जळलेली जुनी मोटार आपण पुन्हा पुन्हा वाइंडिंग करून चालवतो. वाइंडिंग नीट झालं नाही तर दर वेळी तिची कार्यक्षमता उतरते आणि ते नुकसान वर्षानुवर्षं बिलातून वसूल होत राहतं. मिलमध्ये माल नसताना फिरणारी एलिव्हेटर हाही असाच फुकटचा खर्च आहे.

डाळमिलवाल्यांनी डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स यंत्राच्या कॉम्प्रेसरकडे खास लक्ष द्यावं. हवेच्या पाइपला तीन मिलिमीटरचं छिद्र असलं, तर सात बार दाबाला सुमारे तीन किलोवॅट वाया जातात. सगळी मशीन बंद करून संध्याकाळी नुसतं कान देऊन ऐका, गळती सापडेल. मशीनला लागतो त्यापेक्षा जास्त दाब ठेवू नका. एक बार कमी केला तर सहा-सात टक्के वीज वाचते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि कॉम्प्रेसर असतो पत्र्याच्या खोलीत. आत घेतली जाणारी हवा चार अंशांनी तापली की वीज सुमारे एक टक्का जास्त लागते. तिथे हवा सावलीच्या बाजूने घेण्याची सोय करा, खर्च एका पाइपाचा आहे.

चटईवाल्यांनी एक्सट्रूडरच्या बॅरलवर इन्सुलेशनचं जॅकेट चढवावं. उघड्या बॅरलची उष्णता कामगारालाही भाजते आणि हीटरलाही थांबू देत नाही.

उच्चदाब ग्राहकांना राज्यात एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आहे. पॉवर फॅक्टर खराब असला की त्यांचे युनिटच वाढतात. म्हणून तो सुधारणारे कॅपॅसिटर चालू आहेत की फुगून बसले आहेत, ते दर महिन्याला पाहावं.

भांडवलाचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकत नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०२५ मध्ये ‘अदिती’ योजना आणली आहे. तिच्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजावर ५ टक्के सवलत आहे. अन्नप्रक्रिया आणि वस्त्रोद्योग तिच्या यादीत आहेत. आपल्या गावाला आणि धंद्याला ती कशी मिळेल, हे आज तज्ज्ञांना जरूर विचारा.

जेवणानंतर बाहेरच्या मांडवात बिलं तपासायला टेबलं लावली आहेत. गेल्या बारा महिन्यांची बिलं मोबाईलवर असतील ती उघडून ठेवा आणि तिथे दाखवल्याशिवाय कुणीही घरी जाऊ नका.