थेरपी वर्गात यायला हवी

आज शाळकरी मुलांसाठी काम करणाऱ्या थेरपिस्टांविषयी बोलायचं आहे. यात फिजिओथेरपिस्ट आले, व्यवसायोपचार करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आले, आणि बोलण्यावर, गिळण्यावर काम करणारे स्पीच थेरपिस्टही आले. ज्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्यामुळे हातापायांवर हवा तसा ताबा नाही, ज्याचं बोलणं परक्याला उमगत नाही, ज्याला पेन्सिल धरवत नाही, अशा मुलांसोबत ही मंडळी काम करतात.

आपला वाशिम जिल्हाच घ्या. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. समग्र शिक्षा अभियानाच्या रचनेत दिव्यांग मुलांची थेरपी मुख्यतः तालुक्याच्या गट साधन केंद्राशी बांधलेली असते. विशेष शिक्षक गावोगाव शाळांना भेटी देतात, आणि थेरपी हवी असलेल्या मुलाला आई ठरल्या दिवशी तालुक्याला घेऊन येते.

आता हिशेब करून पाहा. सगळं सुरळीत चाललं, बस वेळेवर आली, आईला मजुरी बुडवणं परवडलं, तर मुलाला आठवड्यातून एकदा पाऊण तास मिळतो. तेच मूल गावच्या शाळेत आठवड्याला तीस तासांच्या आसपास बसलेलं असतं. कसं बसलेलं असतं? बहुतेक वेळा सतरंजीवर, पाठीचा कणा वाकवून, दोन्ही हात जमिनीला टेकवून. कारण हात उचलले तर तोल जातो. मग लिहिणार कशाने? थेरपिस्टने पाऊण तासात जे कमावलं, ते या तीस तासांत निसटून जातं. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की तो पाऊण तासही जातो, कारण त्या दिवसांत शेतात हात कमी पडतात आणि मजुरीचे दिवस सोडून आईने बसमध्ये बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. जिल्ह्यातल्या थेरपिस्टचं नेतृत्व त्या पाऊण तासात शोधू नका. ते त्या तीस तासांवर किती परिणाम करतात, यात शोधा.

हा विचार आपल्याकडे अजून पुरता रुजलेला नाही, आणि त्याला इतिहासही कारण आहे. ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण भारतात आणलं कमलाबाई निंबकरांनी. त्या जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झाल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचं विद्यालय सुरू केलं. आशियातलं ते पहिलं मानलं जातं. कमलाबाईंचं ऋण फार मोठं आहे. पण या व्यवसायाचा जन्म आपल्याकडे रुग्णालयात झाला, आणि रुग्णालयाची सवय अजून अंगात आहे: रुग्णाने यायचं, टेबलावर झोपायचं, उपचार घ्यायचे आणि घरी जायचं. पुढे १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. त्यांच्या शाळेत शिक्षक आणि थेरपिस्ट एका छताखाली आले, एकाच मुलाबद्दल रोज एकमेकांशी बोलू लागले. तशी शाळा मानोऱ्याच्या प्रत्येक बंजारा तांड्यावर उघडता येणार नाही. पण त्या छताखालचं ते रोजचं बोलणं तांड्यावरच्या शाळेत नेता येतं, आणि नेलंच पाहिजे.

जगातलं संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला आणि प्रत्येक उपचाराला रहदारीच्या दिव्याचा रंग दिला. हिरवा दिवा कशाला मिळाला? मुलाने स्वतः एखादं ठरवलेलं काम करत सराव करणं, दोन्ही हातांनी मिळून करायच्या कामाचा सराव, घरी रोज करायचा आखीव कार्यक्रम, यांना. मुलाने पडून राहायचं आणि दुसऱ्याने त्याच्या हालचाली घडवून द्यायच्या, अशा पद्धतींना तो मिळाला नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मॅकमास्टर विद्यापीठाच्या शेरिल मिसिउना यांच्या गटाने तर थेरपिस्टला सरळ वर्गातच उभं केलं. मुलाला वेगळ्या खोलीत न्यायचं नाही. वर्गात थांबायचं, पाहायचं, शिक्षकांसोबत काहीतरी करून बघायचं. 'पार्टनरिंग फॉर चेंज' असं त्या पद्धतीचं नाव आहे.

आपल्या शाळेत हे कसं दिसेल? समजा, मानोरा तालुक्यातल्या तांड्यावर तिसरीतला एक मुलगा आहे. पाय ताठ, हात थोडे चालतात, बोलणं आईलाच कळतं. थेरपिस्ट शाळेत आले, तर त्यांनी आधी तपासणीचं साहित्य काढू नये. मधल्या सुट्टीपर्यंत थांबावं. पोषण आहाराची पंगत बसते तेव्हा हा मुलगा कुठे असतो? वर्गातच, मदतनीस ताईंच्या हातून खातो? तर पहिलं ध्येय तिथे सापडलं: त्याने पंगतीत बसून स्वतःच्या हाताने खिचडी खावी. ध्येय थेरपिस्टने एकट्याने ठरवू नये. गुरुजी, आई, ताई आणि शक्य तेवढं तो मुलगा, सगळ्यांनी मिळून ठरवावं.

एकदा हे ठरलं की थेरपीचं शास्त्र आपोआप त्यात येतं. मांड्यांमागचे स्नायू आखडलेले असले की पाय पसरून बसल्यावर कणा वाकतोच. हा आळस नाही आणि हट्टही नाही. गावच्या सुताराकडून बुटकी, कोपऱ्याच्या आकाराची बैठक करून घ्यायची, पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणारी. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. पुढचा पाट कोपराच्या उंचीला. आधार मिळाला की हात मोकळे होतात. चमच्याच्या दांड्याला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली की मूठ धरते. भरवताना मान मागे टाकायची नाही, हनुवटी किंचित खाली, एवढं ताईंना एकदा करून दाखवलं तरी ठसक्याचा धोका कमी होतो. हीच बैठक दुपारी गणिताच्या तासालाही कामाला येते. बोलण्यासाठी चित्रांची एक पाटी करायची, आणि त्यावर घरातले शब्द हवेत. तांड्यावरचं मूल आईला याडी म्हणतं, तर पाटीवरही याडीच हवी.

इथे थेरपिस्ट मंडळींना कळकळीने एक सांगायचं आहे. चार वर्ग आणि दोन शिक्षक असलेल्या शाळेत बारा व्यायामांची यादी ठेवून जाऊ नका. ती यादी कपाटात राहते. एकच गोष्ट सांगा, जी शिकवता शिकवता होईल. पुढच्या भेटीत ती का झाली नाही असं विचारण्याआधी, करताना अडचण काय आली ते विचारा. आणि नोंदीची वही तुमच्या पिशवीत ठेवू नका, शाळेत ठेवा. थेरपिस्टची नेमणूक बहुतेकदा कंत्राटी असते, माणसं बदलतात. मुलाबद्दलचं ज्ञान त्यांच्यासोबत निघून जाता कामा नये.

थेरपिस्टला अधिकार नसतात, हे मला मान्य आहे. मुख्याध्यापकांना ते आदेश देऊ शकत नाहीत. पण दर महिन्याला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तिथे केंद्रप्रमुखांकडून पंधरा मिनिटं मागता येतात. चाळीस शिक्षकांसमोर मुलाला जमिनीवरून कसं उचलायचं, बैठक कशी लावायची हे प्रत्यक्ष दाखवता येतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायच्या अहवालात सत्रांच्या संख्येखाली आणखी एक ओळ लिहिता येते: या महिन्यात किती मुलं पंगतीत बसू लागली, किती जण स्वच्छतागृहापर्यंत पोचू लागले. असं लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. वरिष्ठांना काय मोजायचं हे अशा ओळींतूनच कळत जातं, आणि नेतृत्वाचा मोठा भाग मला तिथे दिसतो.

त्या नेतृत्वात नकारही येतो. पालक मशीन लावा म्हणतात, शेक द्या म्हणतात. महागड्या शिबिरात मूल महिनाभरात चालेल असं कोणी सांगितलेलं असतं. कोणतं मूल आधाराने चालेल आणि कोणाला चाकाची खुर्चीच लागेल, याचा अंदाज वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत बऱ्यापैकी येतो. तो आईवडिलांना मायेने, पण खरा सांगणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. चाकाच्या खुर्चीवर बसून शाळेत जाणारं मूल हरलेलं नसतं.

वर्गात काय सांभाळायचं आणि कधी दवाखाना गाठायचा, हेही शिक्षकांना थेरपिस्टनेच शिकवायला हवं. झटके येणं, जेवताना रोज ठसका लागणं, कणा एका बाजूला झुकत जाणं ही लक्षणं थांबून पाहायची नाहीत. न चालणाऱ्या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो, सुरुवातीला दुखतही नाही. ते एक्स-रेमध्येच दिसतं. कॅलिपरचे बूट मूल वाढलं की तोकडे होतात, आणि बूट चावतात म्हणून मूल ते घालत नाही. गुरुजींनी पाय पाहून थेरपिस्टला एक फोन केला तर वर्ष वाया जात नाही.

या सगळ्या कामासाठी पाठबळ आहे. एकात्मिक शिक्षणाची केंद्र सरकारची योजना १९७४ सालीच आली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली, त्यात सेरेब्रल पाल्सी आहे. समग्र शिक्षा अभियानात अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. सुताराची बैठक त्यापुढे फार महाग नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो. त्याचं पथक शाळेत येतं त्या दिवशी थेरपिस्टने शाळेत हजर राहावं. डॉक्टर, गुरुजी, थेरपिस्ट एका मुलाभोवती एकत्र उभे राहण्याचा तो एवढाच दिवस असतो.

आणि ऐकणाऱ्या आयांनो, बाबांनो, तुमचं मूल घरी बसून असेल तर जवळच्या शाळेत त्याचं नाव घाला; दिव्यांगत्वामुळे शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नाव घातलं की मुख्याध्यापकांना विचारा, आमच्या केंद्राचे विशेष शिक्षक कोण, आणि थेरपिस्ट शाळेत कोणत्या दिवशी येतील. तालुक्याला या, असं उत्तर मिळालं तर तिथे जरूर जा, आणि शाळेत कधी येता हे त्यांना पुन्हा विचारा.