तार जोडली, तरी गाठ का पडत नाही?



संगणकाच्या खोलीवर 'नेट बंद आहे' अशी पाटी लागली की आपण निमूटपणे परत फिरतो. ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, तिचा हक्काचा तास त्या पाटीमागे वाया जातो. पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते, एखादा आकडा चुकलेला असतो. म्हणून दोन संगणकांची गाठ केव्हा पडते, एवढेच आज समजून घेऊ.

पहिली अट जोडणीची. तार असो वा वायफाय, ती शाबूत हवी. परंतु तेवढ्याने भागत नाही.

दुसरी अट पत्त्याची. प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. सोबत २५५.२५५.२५५.० असा सबनेट मास्क असतो. हा मास्क सांगतो की पत्त्याचे पहिले तीन भाग मोहल्ल्याचे आणि शेवटचा घराचा. म्हणजे १९२.१६८.१.२५ हा आपला शेजारी. त्याच्याशी थेट बोलता येते. परंतु १९२.१६८.२.२५ हा शेजारच्या टेबलावर असला तरी परगावचा ठरतो.

परगावचे पत्र आपण टपाल कचेरीत देतो. इथे ती कचेरी म्हणजे राउटर. त्याच्या पत्त्याला गेटवे म्हणतात. गेटवेचा पत्ता बरोबर हवा आणि राउटरला पुढची वाट ठाऊक हवी, ही तिसरी अट.

चौथी अट सहसा विसरली जाते. सलाम पोहोचला, तरी जवाब परत आला पाहिजे. समोरच्या यंत्राचा मास्क किंवा गेटवे चुकला असेल, तर आपली विचारणा पोहोचूनही उत्तर वाट चुकू शकते. 'पिंग' ही आज्ञा हाच सलाम-जवाब तपासते. मात्र जवाब न आल्यास यंत्र बंदच आहे असे समजू नका. पाचवी अट परवानगीची आहे, आणि फायरवॉल नावाचा पहारेकरी तो सलाम दारातच अडवू शकतो.

आता एक शंका येईल. अनेक घरांत १९२.१६८.१.१० हाच पत्ता असतो, मग घोटाळा कसा होत नाही? या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. म्हणून १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखलेले आहेत. 'मशिदीसमोरचे घर' हा पत्ता गावात चालतो, गावाबाहेर चालत नाही, तसेच हे. बाहेर जाताना राउटर आपला सार्वजनिक पत्ता लावतो आणि कोणाचे काम होते याची नोंद ठेवतो. त्यामुळे आपण बाहेर विचारणा करू शकतो, पण बाहेरचा कोणी आपण होऊन आत सहसा येऊ शकत नाही. तशी वाट मुद्दाम उघडून द्यावी लागते, आणि ती विचारपूर्वकच उघडावी.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी क्रमाने तपासा. तार पाहा. आपला पत्ता पाहा, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर बहुधा राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. मग गेटवेला पिंग करा, नंतर बाहेरच्या पत्त्याला. आकड्याने पोहोचता येते पण नावाने नाही, असे झाल्यास नावावरून आकडा शोधून देणाऱ्या डीएनएसकडे दोष असण्याचा संभव आहे. जिथे जवाब थांबतो, तिथून शोध सुरू होतो.

पालकांना आणि संस्थेला माझी विनंती एवढीच की, ही तपासणी मुलामुलींना स्वतःच्या हाताने करू द्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली आकडे बदलून पाहू द्या, बिघडले तर पूर्ववत करू द्या. कारागीर लागेल तेव्हा अवश्य बोलवावा; पण त्याला काय सांगायचे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. मग ती पाटी लावण्यापूर्वी कोणीतरी आत जाऊन पाहील.

खुदा हाफिज.